नावेचं इंजिन कोणी उघडायचं

मी, खाली सही करणारी, धंदा इंजिनदुरुस्ती, ह्या गल्लीत आणि नदीच्या दोन्ही काठांवर टॅपेटबाई म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलांनी आणलेल्या नमुन्यात 'शरीर व मन सुस्थितीत असताना' असं छापलेलं होतं. शरीर सुस्थितीत नाही. जिना चढताना धाप लागते आणि उजव्या हाताची बोटं सकाळी वळत नाहीत. खोटं लिहून सुरुवात नको, म्हणून ते शब्द मी खोडले आहेत. डोकं ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

वकील म्हणाले, बाई, थोडक्यात लिहा. आजवर थोडक्यातच बोलत आले, त्याने कोणाचं भलं झालेलं दिसत नाही. तेव्हा आता मला हवं तेवढं लिहिणार आहे.

कलम १. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या, गॅलरीसह, माझ्या पश्चात माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे कराव्यात. मुलाचं नाव त्यात घालू नये. सून नवऱ्याच्या नकळत येते, जेवलात का विचारते, माझी औषधं संपली का ते डबी हलवून बघते. तिने मला कधी एका शब्दाने सल्ला दिला नाही. गॅलरीचा कठडा डाव्या बाजूला सैल आहे, तिथे कोणी टेकू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझा शेवटचा खर्च करावा आणि मागच्या खोलीचं छप्पर शाकारून घ्यावं. उरलं तर सुनेला. उरणार नाही.

कलम ३. हत्यारं. मोठे पाने, पुलर, व्हॉल्व्ह घासायचा दांडा आणि चेनब्लॉक हे सगळं पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डिंगवालीला द्यावं. उसना नेलेला पाना पुसून परत आणून देणारी ह्या वस्तीत ती एकटीच निघाली. बॅटरीवाल्याने नेलेला टॉर्क पाना त्यालाच देण्यात येत आहे, म्हणजे निदान त्याची चोरी कायदेशीर होईल. इंजिनातली बारीक फट मोजायची माझी फिलरची पाती मात्र कोणाला द्यायची नाहीत. ती कुठे ठेवायची ते पुढे लिहिलं आहे.

कलम ४. नावेवाल्याला काहीही देऊ नये. माझ्या मयताला तो येईल, असल्या ठिकाणी तो हटकून पुढे असतो. आला तर येऊ द्यावा, पण बसायला खुर्ची देऊ नये. का, ते कलम ५ वाचल्यावर कळेल.

कलम ५. हे कलम मिळकतीबद्दल नाही. वकिलांनी ते वगळायला सांगितलं. मी म्हटलं, हे वगळायचं असेल तर बाकीचं फाडून टाका.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे वर्कशॉप एकच होतं. मधली भिंत नव्हती. माझे यजमान आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, दोघं मिळून डिझेल इंजिनं दुरुस्त करत. एका सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी, हँडल मारून सुरू करायची जुनी इंजिनं. पंपाला, गिरणीला, नावेला, सगळीकडे तीच असत. माझी बोटं बारीक होती, म्हणून ह्यांनी मला टॅपेट करायला शिकवलं. पुढे ते काम माझ्याकडेच आलं आणि लोक मला त्याच नावाने ओळखू लागले. पण नावेचं इंजिन हे स्वतः करत. माणसं बसतात त्यात, म्हणायचे.

टॅपेट म्हणजे काय हे वकिलांना माहीत नव्हतं आणि त्यांनी ते मोकळेपणाने विचारलं, म्हणून लिहिते. इंजिनाच्या डोक्यावर दोन व्हॉल्व्ह असतात. एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. त्यांना वरून दाबणारे दोन रॉकर. इंजिन थंड असताना रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात अगदी बारीक फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. धुराच्या व्हॉल्व्हला, ज्याला आम्ही एक्झॉस्ट म्हणतो, ती थोडी जास्त ठेवायची, कारण तो जास्त तापतो. ही फट रॉकरवरचा स्क्रू फिरवून जुळवायची आणि नट आवळून स्क्रू जागीच धरायचा, यालाच टॅपेट करणं म्हणतात. फट असली की इंजिन टकटक वाजतं. फट मिटवली की ते गप्प होतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तापल्यावर तो व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, आग त्याच्या कडेवरून निसटत राहते आणि कड जळते. कड जळली की सिलिंडरमध्ये दाब राहत नाही. मग इंजिन बंद पडतं, आणि ते कुठे बंद पडावं हे आपल्या हातात नसतं.

दिराला गिऱ्हाईक खूश करायची फार हौस. तो टॅपेट दाबून ठेवायचा. त्याच्या हातचं इंजिन इतकं गुपचूप चालायचं की लोक दिरालाच कौतुकाने बिनआवाज म्हणू लागले. हंगाम संपला की तीच इंजिनं जळके व्हॉल्व्ह घेऊन परत यायची, पण तेव्हा कोणी त्याला दोष देत नसे, डिझेलला देत. हे त्याला परोपरीने सांगायचे. म्हणायचे, अरे, वाजू दे, वाजतंय म्हणजे जिवंत आहे. दीर हसायचा आणि फडक्याने हात पुसत निघून जायचा.

नावेवाल्याने ह्यांच्यामागे टुमणं लावलं होतं की उतारूंना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, तेवढी टकटक बंद करा. ह्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. टॅपेट केले, नट आवळले, आणि नेहमीप्रमाणे काडीने लाल रंगाची एक रेघ मारली. नटावरून स्क्रूपर्यंत, सलग. ही ह्यांची पद्धत. मागून कोणी नट सोडवला तर रेघ तुटते आणि पुन्हा जुळत नाही.

नावेवाल्याने मग ह्यांच्या पाठीमागे दिराला गाठलं. दीर घाटावर गेला आणि इंजिन गप्प करून आला. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, ह्यांनाही नव्हतं. पावसाळा सरता सरता नावेवाला तक्रार घेऊन आला की इंजिनात जोर राहिलेला नाही, ओझं ओढत नाही. उतारू बसून तयार होते, पाणी अजून चढं होतं. हे म्हणाले, चल, पलीकडे जाईपर्यंत ऐकतो आणि तिकडे खोलतो. नदीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं आणि नाव बंधाऱ्याकडे वाहू लागली. नदीतून रेती उपसणाऱ्या रेतीवाल्यांनी आपली होडी आणली आणि ह्यांनी उतारूंना एकेक करून तिच्यात उतरवून दिलं. नावेवालाही उतरला. हे हँडल मारत राहिले, कारण नाव वाचली तर त्या माणसाचं पोट वाचेल असं त्यांना वाटलं असणार. नाव बंधाऱ्यावरून गेली.

ज्यांनी कधी हँडल मारलेलं नाही त्यांना हे कळणार नाही. सिलिंडरमध्ये दाब असला की हँडल जड लागतं, हाताला मागे रेटतं. दाब गेलेला असला की ते भसाभस फिरतं, हलकं. पहिल्याच फेऱ्याला ह्यांच्या हाताला कळलं असणार की एक्झॉस्ट जळलाय, म्हणजे आपण ठेवलेली फट कोणीतरी मिटवली आहे. आणि ती कोणी मिटवली असेल हेही कळलं असणार. तेवढं कळून माझा माणूस गेला. हे मी दिराला माफ करणार नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ह्या इंजिनाचे टॅपेट शेवटचे कोणी केले. दीर म्हणाला, दादानेच केले, दादाशिवाय त्या इंजिनाला कोणी हात लावत नव्हतं. नावेवाला बाजूलाच उभा होता, त्याने मान डोलावली. अहवालात यजमानांचा हलगर्जीपणा असं आलं. गावभर झालं की टॅपेटबाईच्या नवऱ्याला टॅपेट करता येत नव्हते. ज्याने सगळ्यांना उतरवून दिलं त्याच्यावरच सगळ्यांनी खापर फोडलं.

फुटक्या नावेतून रेतीवाल्यांनी साखळी लावून इंजिन काढलं. नावेवाल्याला ते डोळ्यांसमोर नको होतं, मी आणवून घेतलं. अंगणात ठेवून रॉकरचं झाकण काढलं. हवेच्या बाजूची लाल रेघ सलग होती. एक्झॉस्टची तुटलेली होती. नटावरचा रंग एका बाजूला आणि स्क्रूवरचा दुसऱ्या बाजूला, स्क्रू आत फिरवलेला. मी कशालाही हात लावला नाही. सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. दोन मिस्त्र्यांची आई ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, एक गेला. दुसऱ्याला घालवू नकोस. मी आहे तोवर तरी नको."

त्या होत्या तोवर मी मूग गिळून बसले. त्या पुष्कळ जगल्या. शेवटी शेवटी त्यांना मुलगे दोन होते हेही आठवत नसे, पण मला शब्द आठवत होता. मधल्या काळात दिराने वर्कशॉपच्या मध्ये भिंत घातली, अर्ध्या जागेवर स्वतःची पाटी लावली आणि माझ्या मुलाच्या शाळेची फी भरली. मुलाला हाताशी घेतलं. मुलगा मोठा झाला तो बापाने केलेल्या चुकीची लाज बाळगत.

सासूबाई गेल्यावर मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, काकांनी मला वाढवलंय. मी त्यांना विचारतो." विचारून आला आणि म्हणाला, काका म्हणतात तुझा गैरसमज आहे, व्हॉल्व्ह बसत जातो तशी फट आपोआप मिटते. बरोबर आहे, मिटते. स्क्रू मात्र आपोआप फिरत नाही. मी म्हटलं, चल, मागच्या खोलीत आहे इंजिन, तूच बघ. तो म्हणाला, गंजलेल्या इंजिनात काय दिसणार. ते गंजलेलं नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मी दर आठवड्याला त्यात तेल सोडून चाक हाताने फिरवत आले, ते जाम होऊ नये एवढ्यासाठीच. तेव्हापासून त्याने मागच्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही. मधल्या भिंतीपलीकडून त्याचा खोकला मला ऐकू येतो, एवढाच आमचा संबंध.

कलम ६. दिराला माझ्या मिळकतीतून काही देण्यात येत नाही. त्याच्याबद्दल एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. यजमान गेल्यापासून बिनआवाजची इंजिनं वाजू लागली. ज्याने आयुष्यात कधी फट ठेवली नाही तो मोजून फट ठेवू लागला. लोक म्हणू लागले, भाऊ गेल्याचा धसका घेतला बिचाऱ्याने, त्याचा हात गेला. बिनआवाज हे नाव तेच राहिलं आणि टकटक मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येत राहिली. ज्याला काही माहीत नसतं त्याचा हात असा एका दिवसात बदलत नाही. माझ्या मुलाला टॅपेट उत्तम येतात, असं सगळे सांगतात. बापाच्या जिवावर ज्याने धडा घेतला त्याच्याकडून शिकलाय, उत्तम येणारच.

कलम ७. वर्कशॉपचा माझ्या बाजूचा अर्धा भाग, मागची खोली आणि सदर नावेचं इंजिन माझ्या पश्चात माझ्या मुलास मिळावं, एका अटीवर. इंजिन त्याने स्वतःच्या हाताने उघडायचं. काकांना बरोबर घ्यायचं असेल तर घ्यावं. बघून झाल्यावर त्याने कोणापुढे काही बोलायची गरज नाही, काकांशी भांडायची गरज नाही, माझ्या फोटोपुढे उभं राहून माफी तर मुळीच मागू नये. फक्त बघायचं. वर्षाच्या आत त्याने हे केलं नाही, किंवा कोणत्याही कारणाने त्याला हा वारसा घेता आला नाही, तर जागा वेल्डिंगवालीला द्यावी आणि इंजिनाचं तिने हवं ते करावं.

फिलरची पाती इंजिनाच्या झाकणावर ठेवलेली असतील. आता पुढचं तुला लिहिते, बाळा. तुला येतं हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण हे इंजिन एकदाच उघडायचं आहे. चाक सावकाश फिरव. चाकावरची खूण इंजिनावरच्या खुणेला जुळली म्हणून लगेच पातं घालू नकोस, दोन फेऱ्यांत ती दोनदा जुळते. झडप घालणारा माणूस इथेच चुकतो, आणि तू लहानपणी जेवायलासुद्धा तसाच बसायचास. हवेचा व्हॉल्व्ह दबून वर आला की त्याच्या पुढची खूण धर. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असायला हवेत आणि रॉकरला खालून उचलणाऱ्या दोन्ही दांड्या, पुशरॉड, बोटांनी गोल फिरायला हव्यात. हवेची फिरेल. तिथे आधी पातं घाल. ओल्या कागदांमधून ओढावं तसं ते अडखळत सरकेल. तो तुझ्या बाबांचा हात. इतकी वर्षं पाण्यातून आणि माझ्या तेलातून तो तसाच राहिलाय. मग एक्झॉस्टला ये. तिथे मी काही सांगणार नाही.

पाना लावू नकोस. नीट करायचा मोह होईल, करू नकोस.

कलम ८. साक्षीदार. दोन लागतात. वकिलांनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याला दिलेलं बाद होतं. म्हणून पहिला साक्षीदार शेजारचा लेथवाला आहे, त्याला मी काही दिलेलं नाही आणि त्याची तक्रारही नाही. दुसरा साक्षीदार माझा दीर असावा अशी माझी इच्छा आहे. त्यालाही मी काही दिलेलं नाही, तेव्हा कायद्याने अडचण नाही. साक्षीदाराने फक्त माझी सही बघायची असते, आतला मजकूर वाचायची गरज नसते, हेही वकिलांनी सांगितलं. मी मात्र त्याला मजकूर वाचायला लावणार आहे.

इथवर काल लिहिलं. सह्या व्हायच्या आधी आज सकाळी जे घडलं ते खाली जोडते. वकिलांनी नको म्हटलं आहे.

दीर आला. मुलगाही त्याच्याबरोबर आला, काकांना पायरी दिसत नाही म्हणून हात धरून. दिराने चष्मा आणला नव्हता, तेव्हा वकिलांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. लेथवाला सबंध वेळ जमिनीकडे बघत होता. कलम ५ चालू असताना मुलगा उठला. मला वाटलं निघून चालला. तो मागच्या खोलीत गेला. वकील थांबले, मी म्हटलं, वाचा.

वाचून झाल्यावर मी दिराच्या हातात पेन दिलं आणि म्हटलं, भावजी, सही करा. तुम्ही हे ऐकलंत एवढंच म्हणायचं आहे, खरं आहे असं म्हणायचं नाही. त्याने पेन धरलं. कागदावर टेकवलंही. मग खाली ठेवलं आणि म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाइकाला आवाज नको होता."

एवढंच. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि त्यातून गिऱ्हाईक निघालं. भाऊ नाही निघाला. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, वकिलांनी कानांवर हात ठेवले होते. तो भिंत धरत एकटाच गेला.

मुलगा मागून बाहेर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. वकिलांना विचारलं, दुसरा साक्षीदार कोण. वकील म्हणाले, राहिलाय, कोणालातरी बोलवावं लागेल. तो म्हणाला, मी करतो. वकिलांनी त्याला दोनदा समजावलं की तू सही केलीस तर कलम ७ तुझ्यापुरतं संपलं, तुला जागाही नाही आणि काकाकडेही आता कसा जाशील. मीही म्हटलं, मूर्खा, घे ते पेन आणि लेथवाल्याच्या भावाला दे, तो गल्लीतच आहे. तो म्हणाला, "आई, तुझ्या अटीत तू म्हटलंयस कोणापुढे बोलायची गरज नाही. मला गरज आहे."

वकील म्हणतात, नवा कागद करा, दुसरा साक्षीदार घ्या, त्याला जागा देता येईल. मी करणार नाही. जागा वेल्डिंगवालीची झाली. तिला कामाला माणूस लागेलच. माझा मुलगा हाताने चांगला आहे, तिने त्याला विचारावं.

हे मी माझ्या खुशीने लिहिलं, वाचून घेतलं, आणि साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण: वर्कशॉपची पुढची खोली, भिंतीच्या अलीकडची बाजू
दिनांक: २२ फेब्रुवारी

सही: टॅपेटबाई

साक्षीदार पहिला: लेथवाला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचा मुलगा. सही माझ्यासमोर झाली. इंजिन मी उघडलं. एक्झॉस्टची लाल रेघ तुटलेली आहे आणि तिथे सगळ्यात पातळ पातंही गेलं नाही. हवेची फट बरोबर आहे. माझ्या बाबांनी टॅपेट नीट केले होते.